सही करण्यापूर्वी

आमचा एक लेख परक्या नावाने एका संकेतस्थळावर दिसला, तेव्हा आधी संताप आला आणि मग सातवी आज्ञा आठवली. असा मजकूर वकिलावाचूनही हटविता येतो. भारतातील २०१३ च्या नियमांनुसार लेखी तक्रार पटल्यास मध्यस्थाने ३६ तासांत तो रोखायचा असतो. २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश न आल्यास मात्र तो पुन्हा खुला होऊ शकतो. संकेतस्थळाला जागा देणारी संस्था अमेरिकेतील होती, म्हणून तेथील १९९८ च्या कायद्याचा अर्ज आम्ही भरावयास घेतला. मूळ लेख, चोरीचे ठिकाण, सही. आणि हक्क सांगण्याचा अधिकार आपलाच, अशी प्रतिज्ञा. ती खोटी ठरल्यास शपथभंगाचा गुन्हा.

तेथे लेखणी अडली. त्या लेखातील निम्म्या आठवणी गावातील वृद्धांच्या तोंडून ऐकलेल्या. आमचे ते शब्द. कायदा शब्दरचनेचाच हक्क मानतो, हे खरे. पण सातवीचा आधार घेताना आठवी आज्ञा मोडावयाची नव्हती. ऐकलेल्या आठवणींवर आम्ही हक्क सांगितला नाही. केवळ आमच्या परिच्छेदांवर सांगितला.

मत्तयच्या १८ व्या अध्यायातील क्रमाने प्रथम त्या बंधूलाच खासगीत लिहिले. आठ दिवस वाट पाहिली. उत्तर आले नाही. मग सही केली.