धुतलेले इंजिन

दिवाळीत तेलाला जेवढा मान मिळतो, तेवढा वर्षभर मिळत नाही. अभ्यंगाचे तेल, पणतीतले तेल आणि चकलीच्या कढईतले तेल! गेल्या वर्षी धाटावच्या आमच्या अंगणात चौथे तेल अवतरले, आणि तेही बिनबोलावता. वसुबारसेच्या रांगोळीसाठी पत्नीने एक कोपरा सारवून ठेवला होता. सकाळी पाहतो, तो तिथे रुपयाएवढा काळा डाग!

"अहो, तुमची गाडी पुन्हा रडली," एवढेच ती म्हणाली.

माझी गाडी म्हणजे जुनी पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट या नावाने जन्मलेली ही जात १९७४ पासून पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सीही निघून गेली. अशा गाडीतून तेल झिरपले तर तो दोष कारखान्याचा नव्हे, वयाचा. बुचाचे पॅकिंग वाळते, रबराचे सील कडक होते. माणसाचे गुडघे तरी दुसरे काय करतात?

मी मात्र वर्षभर डागावरच इलाज करीत होतो. तेल खालच्या चेंबरवरून ठिबकते, म्हणून चेंबरचे पॅकिंग दोनदा बदलून घेतले. ठिबकणे थांबले नाही. शेवटी रोह्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडीखाली डोकेसुद्धा घातले नाही. "आधी धुवायला हवी," म्हणाले. "तेल खाली दिसतं, पण निघतं वरून. वाऱ्यानं मागं सरकतं. जिथं डाग, तिथं दोष, असं धरून चाललात तर जन्मभर पॅकिंगच बदलत बसाल."

त्यांनी रॉकेल आणि ब्रश घेऊन इंजिन लख्ख धुतले, सुकवले आणि त्यावर चक्क तोंडाला लावायची पांढरी पावडर भुरभुरली. मग अर्धा तास गाडी फिरवून आणली. पावडरीवर ओल्या रेघा उमटल्या होत्या, आणि प्रत्येक रेघ आपापले उगमस्थान दाखवीत होती. एक रेघ वरच्या टॅपेट कव्हरच्या कडेपासून निघत होती. तिचे खरे कारण आणखी निराळे निघाले. इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर टाकणारी ब्रीदरची नळी काजळीने तुंबली होती. श्वास कोंडला, की आतला दाब वाट मिळेल तिथून तेल बाहेर ढकलतो. मिस्त्रींनी नळी साफ केली, कव्हरचे पॅकिंग बदलले, बोल्ट बेताने आवळले. "जोर लावलात तर पत्रा वाकतो आणि गळती वाढते," हेही सांगून ठेवले. दुसरी रेघ इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्या सांध्यातून येत होती. तिथले सील बदलायचे, तर सगळा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सीलची किंमत थोडी, मजुरी फार. ते काम मी पुढे ढकलले.

जाताना मिस्त्रींनी इंजिन पुन्हा पुसून चकचकीत करून दिले आणि हसत म्हणाले, "साहेब, धुतलेलं इंजिन दोन दिवस खोटं बोलतं, बरं का!"

त्यांना ठाऊक नव्हते, की तिसऱ्याच दिवशी पेणजवळच्या हमरापूरचा एक तरुण गाडी पाहायला येणार होता.

वाचकहो, माझी खरी कथा इथून सुरू होते. इंजिन मी फसवण्यासाठी धुतले नव्हते. दोष शोधण्यासाठी धुतले होते. परंतु तेच धुणे आता दोष लपवायला आयते उपयोगी पडत होते. मला काही करायचेच नव्हते. फक्त गाडी हलवायची नव्हती आणि बोलायचे नव्हते. तो विचारील त्याला खरे उत्तर द्यायचे, आणि न विचारील ते त्याचे नशीब! १९३० चा मालविक्रीचा कायदासुद्धा साधारणपणे हेच म्हणतो, की वस्तू पारखून घेणे हे घेणाऱ्याचे काम.

हा वाद माझ्या अंगणाहून फार जुना आहे. रोमच्या सिसरोने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये कर्तव्याविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात एक धान्याचा व्यापारी येतो. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडलेला आहे. हा गलबतभर धान्य घेऊन पोचतो. मागून आणखी गलबते येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे. ते सांगावे, की गप्प राहून चढा भाव घ्यावा? यावर दोन तत्त्वज्ञ भांडतात. एक म्हणतो, गप्प बसणे म्हणजे लपवणे नव्हे. दुसरा म्हणतो, माणसाचे हित माणसापासून झाकायचे नसते. सिसरोचा निकाल असा, की प्रत्येक मौन लबाडीचे नसते. परंतु समोरच्याला जे कळण्यात त्याचे हित आहे, ते आपल्या फायद्यासाठी त्याला कळू न देणे, हे लपवणेच होय.

मला हा भेद पटतो. गाडीच्या मागच्या आसनाखाली माझ्या मुलाने लहानपणी गोटी हरवली, हे मी सांगितले नाही तर बिघडत नाही. पण ज्या गोष्टीने त्याचा निर्णय बदलेल, ती गोष्ट त्याने विचारली नाही म्हणून माझ्या पदरात राहते, हे तर्कशास्त्र मला माझ्याच सोयीचे वाटू लागले. आणि सोयीचे तर्कशास्त्र दिसले, की ब्रीदरची नळी तपासावी!

आदल्या संध्याकाळी मी गाडी कोलाडपर्यंत नेऊन आणली आणि रात्री तिच्याखाली पांढरा पुठ्ठा ठेवला. सकाळी त्यावर सात थेंब होते. पूर्वी मोजायची सोय नव्हती, डबकेच असे. तरुण आला तेव्हा आधी पुठ्ठा दाखवला, मग गाडी.

तो पुठ्ठ्याकडे बराच वेळ पाहत राहिला. त्याचा धंदा गणपती रंगवण्याचा. म्हणाला, "काका, मातीच्या मूर्तीला सुकताना तडा जातो. रंग दिला, की कुणाला दिसत नाही. आमचे वडील तडा बुजवल्याशिवाय रंगाला हात लावू देत नाहीत." मग त्याने गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी विचारली, तेवढी किमतीतून वजा केली आणि गाडी घेतली. माझे नुकसान झाले, हे मी इथे गोड करून सांगणार नाही. त्या पैशांत घरातली बरीच दिवाळी झाली असती.

एक बोच मात्र राहिली आहे. त्याला सात थेंब दाखवले; पण वर्षभरात अंगणात पडलेले थेंब पावसाने ओढ्यात नेले, आणि ओढ्याने कुंडलिकेत. तिथून ते रेवदंड्याच्या खाडीत कधीच पोचले असतील. कारखान्यांच्या सांडपाण्यावर मी तावातावाने बोलत असे. त्यांचा दोष माझ्या थेंबांनी लहान होत नाही, हे खरे. परंतु नदीला मी पुठ्ठा दाखवला नव्हता, आणि तिला भावही करता येत नाही.

यंदा रांगोळीचा कोपरा स्वच्छ आहे. तरीही सकाळी उठल्यावर माझी नजर आधी तिथेच जाते.