बेड्या नव्हे, घर

शास्त्रपाठ : मार्क ५:१-२०



गरसेकरांच्या प्रदेशातील त्या मनुष्याची गोष्ट आपण रविवारच्या शाळेत मुलांना सांगतो. सांगताना डुकरांच्या कळपावर आपण बराच वेळ घालवतो, पण त्याआधीची एक गोष्ट नजरेतून निसटते. लोकांनी त्या मनुष्याला पुष्कळदा बेड्यांनी व साखळ्यांनी बांधले होते. गावाला सुचलेला उपाय एवढाच होता.

तो मनुष्य भूतग्रस्त होता असे शास्त्र सांगते. पण म्हणून आज मनाचा तोल गेलेल्या प्रत्येकाला भूतग्रस्त ठरवू नये. मत्तय ४:२४ मध्ये भूतग्रस्त, फेफरेकरी व पक्षाघाती यांचा उल्लेख निरनिराळा आहे. सर्व दुखण्यांना एकच नाव शुभवर्तमानानेही दिलेले नाही.

स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, हा मेंदूच्या कार्यातील बिघाडाशी निगडित आजार आहे. तो बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. इतरांना ऐकू न येणारे आवाज रोग्याला ऐकू येतात. कोणी आपल्यावर पाळत ठेवतो, विष घालतो, असे त्याला ठामपणे वाटते. तो बोलेनासा होतो, स्नानाकडे व कामाकडे त्याचे लक्ष राहत नाही. घराण्यातील कल, मनावरचा ताण, गांजासारखे व्यसन अशी अनेक कारणे यात एकत्र येतात. आईबापांच्या संगोपनाचा हा दोष नव्हे, आणि पापाची शिक्षाही नव्हे. जन्मांधाविषयी शिष्यांनी विचारलेल्या प्रश्नाला प्रभूने काय उत्तर दिले, ते आठवा (योहान ९:३).

या आजारावर परिणामकारक औषधे १९५२ नंतर उपलब्ध झाली. तरीही साखळ्या सुटल्या नाहीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका आश्रयस्थानाला आग लागली, आणि साखळ्यांनी बांधलेले पंचवीसहून अधिक रोगी पळता न आल्याने मरण पावले. बरे वाटेल या आशेनेच आप्तांनी त्यांना तेथे आणले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्याला साखळीने बांधण्यास मनाई केली. परंतु “विश्वास असेल तर गोळ्या कशाला?” असे म्हणून आपण कोणाचे औषध बंद करवतो, तेव्हा आपणही त्याला साखळीच घालतो. प्रार्थना अवश्य करावी. पण ती औषधाबरोबर करावी, औषधाऐवजी नव्हे.

जोयडा तालुक्यातील कुळगीसारख्या रानातल्या गावात असे दुखणे एखाद्या घरात आले, तर त्या घराला मंडळीचा हात हवा. दांडेलीहून पुढे धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. तेथवर सोबत जाणे, गाडीभाड्याला मदत करणे, गोळ्या वेळेवर घेतल्या जातात ना हे प्रेमाने पाहणे, थकलेल्या आईला एक दिवस विसावा देणे, ही मंडळीची सेवा आहे. रोग्याशी त्याच्या भासांवरून वाद घालू नका, आणि हसू तर मुळीच नका. जीव देण्याची भाषा कोणी केली, तर त्याला एकटे सोडू नका, त्वरित वैद्यकीय मदत मिळवा. टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. रविवारच्या शाळेतील शिक्षकांनो, ‘वेडा’ ही शिवी मुलांच्या तोंडून काढून टाका. प्रभूचे भान सुटले आहे असे म्हणून त्याचे स्वतःचे आप्तही एकदा त्याला धरायला निघाले होते (मार्क ३:२१). तो शब्द किती बोचतो, हे आपला तारणारा जाणतो.

शेवटी तो मनुष्य वस्त्रे नेसून शुद्धीवर बसलेला दिसला. त्याला प्रभूबरोबर राहायचे होते, पण प्रभूने त्याला स्वतःच्या घरी, आपल्या माणसांकडे पाठवले. त्याच्यासाठी घराचे दार उघडे असेल, असा प्रभूचा भरवसा होता. आजही कोणी उपचार घेऊन परत येतो. मंदिरात त्याच्या शेजारच्या बाकावर आपण बसतो का?

प्रार्थना : हे दयाळू पित्या, ज्यांची मने थकली आहेत त्यांना सांभाळ, त्यांना जपणाऱ्यांना बळ दे, आणि आमच्या दारांच्या कड्या काढ. येशूच्या नावाने मागतो. आमेन.