दाब आणि मुरणे

दारूबंदीच्या राज्यात, बडोद्यात, सारा जन्म काढलेल्या माणसाने बिअरविषयी लिहावे हे विपरीतच. परंतु प्रश्न जेथे भेटेल तेथेच त्याला सामोरे जावे लागते. हा प्रश्न मला अमेरिकेत भाच्याच्या गॅरेजमध्ये भेटला.

तेथे स्वतःच्या घरापुरती बिअर करण्याची मुभा संघराज्याच्या कायद्याने १९७८ साली दिली. भाचा छंद म्हणून ती करतो. मोड आणलेल्या जवाचा काढा यीस्टने आंबवून झाला की तो सुमारे एकोणीस लिटरच्या पोलादी पिंपात भरतो. ही पिंपे मूळची शीतपेयांच्या धंद्यातली. तेथे त्यांची गरज सरल्यावर ती या छांदिष्टांच्या हाती आली. मात्र पिंपात भरलेली बिअर अजून निपचित असते. तिला फेस यावा म्हणून तीत कार्बन डायऑक्साइड विरघळावा लागतो.

त्याचे दोन मार्ग आहेत. थोडी साखर घालून पिंप बंद केले, तर उरलेले यीस्ट ती साखर खाऊन दोन-तीन आठवड्यांत स्वतःच वायू निर्माण करते. नाहीतर सिलिंडर जोडून वायू बाहेरून दाबाने भरायचा. या दुसऱ्या मार्गाच्या इंग्रजी नावातच 'सक्ती' आहे.

ब्रिटनमध्ये १९७१ साली 'कॅम्रा' ही ग्राहकांची चळवळ या बाहेरच्या वायूविरुद्धच उभी राहिली. ज्या पिंपातून वाढायची त्यातच पुन्हा आंबून सिद्ध झालेली, बाहेरचा वायू न लावलेली, तीच खरी एल, असा तिचा आग्रह. त्यात तथ्य होते. कारखान्यातली बिअर गाळून, तापवून, निर्जीव करून मग तिला वायूने उसना जिवंतपणा आणला जाई. तरीही रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही वायू एकच. लीड्समध्ये बिअरच्या कारखान्याशेजारी राहणाऱ्या जोसेफ प्रिस्टलीने आंबवणीच्या हौदांवर साचणाऱ्या वायूचेच प्रयोग केले आणि १७७२ साली पाण्यात तो वायू मिसळण्याची कृती प्रसिद्ध केली. आपल्या सोडावॉटरचे मूळ तेथे आहे.

मग आतून आलेले तेवढेच खरे आणि बाहेरून घातलेले खोटे, असे म्हणावे काय? तसे म्हटले तर संस्कार हा शब्दच टाकून द्यावा लागेल. मातृभाषासुद्धा कोणा मुलाच्या आतून उगवत नाही. ती बाहेरूनच येते. तेव्हा दाब कोठून आला, हा प्रश्न अपुरा आहे. संस्कार कोठे संपतो आणि सक्ती कोठे सुरू होते, हा खरा प्रश्न.

एके दिवशी भाच्याकडे संध्याकाळी पाहुणे यायचे होते. "मामा, आज थांबायला वेळ नाही," म्हणत त्याने चौरस इंचाला तीस पौंड दाब लावला आणि पिंप गदागदा हलवले. संध्याकाळी पेले फेसानेच भरले. शेजारीच दुसरे पिंप होते. तीन-चार अंश तापमानात, बारा पौंडांच्या दाबाखाली, दहा दिवस कोणी हात न लावलेले. त्यातली बिअर शांतपणे पेल्यात उतरली.

विल्यम हेन्रीने १८०३ साली मांडलेला नियम याचा उलगडा करतो. द्रवावर जेवढा दाब असेल, त्या प्रमाणातच त्यात वायू टिकतो. त्या थंडाव्यात बारा पौंडांखाली एक लिटर बिअरमध्ये सुमारे अडीच लिटर वायू राहतो. अधिक कोंबलेला, दाब उतरताच फेस होऊन निघून जातो. म्हणूनच वाढण्याची नळीही अरुंद आणि दोन-तीन मीटर लांब ठेवतात. तीतून जाताना दाब हळूहळू उतरतो. उलट झाकण उघडे टाकले, तर मुरलेली बिअरही एक-दोन दिवसांत निपचित होते.

हे ऐकताना मला माझाच एक मे महिना आठवला. नातवाला मराठी यावे म्हणून मी रोज दोन पाने शुद्धलेखन, पाठांतर आणि चुकल्यास बोलणी असा धडाका लावला होता. दिवाळीत तो आला तेव्हा त्यातले काहीच उरले नव्हते. वर मला टाळण्याची सवय मात्र लागली होती. मधल्या महिन्यांत घरात त्याच्याशी मराठी कोणी बोलतच नव्हते, मीही नाही.

पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात राहिलेल्या आपल्या घरांत भाषा टिकली ती धडाक्याने नव्हे. स्वयंपाकघरातल्या, ओसरीवरच्या रोजच्या मंद दाबाने. ज्या दाबाखाली पुढे रोज जगायचे आहे, तेवढाच दाब आज घालावा. त्याहून अधिक ती सक्ती, आणि मुळीच नसणे ही हेळसांड. लोणच्याप्रमाणे माणसालाही मुरायला दिवस द्यावे लागतात.

पिंपाची उपमा येथे संपते. पिंपाला विचारावे लागत नाही. मुलाला विचारावे लागते, आणि त्याचे उत्तर आपल्याला न रुचणारेही असू शकते. नातू आता पंधरा वर्षांचा आहे. हल्ली रविवारी फोनवर मी त्याच्याशी क्रिकेटविषयी मराठीत बोलतो. तो अर्धे गुजरातीत उत्तर देतो. मी दुरुस्त करीत नाही आणि मराठी सोडतही नाही.