साक्षी आणि खबऱ्या

राज्यसंस्थेने नागरिकांवर ठेवलेल्या पाळतीचे समर्थन करताना ‘कर नाही त्याला डर कशाला’ ही म्हण पुढे केली जाते, तेव्हा तिच्या मागे पुष्कळदा एक धार्मिक गृहीत उभे असते. ईश्वर सर्व काही पाहतोच आहे आणि सज्जनाला त्याच्या दृष्टीचे भय वाटत नाही. मग शासनाने पाहिले तर बिघडले कुठे? हा युक्तिवाद तपासायचा, तर ईश्वराचे पाहणे आणि शासनाचे पाहणे एकाच जातीचे आहे का, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. त्यासाठी जर्मनीचा इतिहास विशेष उपयोगी आहे, कारण घराघरांत पोहोचलेली पाळत त्या भूमीने अनुभवली आणि पाळतीला तात्त्विक मर्यादा घालणारा न्यायविचारही तिथेच घडला.

पूर्व जर्मनीचे राज्यसुरक्षा मंत्रालय, म्हणजेच ‘श्टाझी’, १९५० साली स्थापन झाले. १९८९ मध्ये, सुमारे १ कोटी ६४ लाख लोकसंख्येच्या त्या देशात, त्याचे सुमारे ९१,००० पूर्णवेळ कर्मचारी आणि जवळजवळ १,८९,००० खबरे होते. टपालातली पाकिटे वाफेवर उघडून वाचली जात आणि पुन्हा चिकटवून पुढे धाडली जात. संशयिताला चौकशीसाठी ज्या खुर्चीवर बसवत, तिच्यावर अंथरलेले फडके नंतर काचेच्या बरणीत घट्ट बंद करून ठेवत, म्हणजे पुढे कधी निनावी पत्रक सापडलेच तर त्याचा वास कुत्र्याकडून त्या फडक्याशी ताडून पाहता येई. १९७६ च्या एका अंतर्गत निर्देशाने ‘त्सेरझेत्सुंग’, म्हणजे विघटन, ही पद्धत शब्दबद्ध केली: विरोधकाला अटक न करता त्याच्याविषयी अफवा पसरवायच्या, त्याची नोकरी अडचणीत आणायची आणि त्याच्या मित्रांत परस्परांविषयी संशय पेरायचा. १९९२ च्या आरंभी नागरिकांना स्वतःच्या फायली वाचण्याची मुभा मिळाली, त्या सुमारास हक्कचळवळीतील कार्यकर्त्या वेरा वोलेनबेर्गर यांना उमगले, की आपल्याविषयी श्टाझीला माहिती पुरवणारा माणूस आपला पतीच होता. वोलेनबेर्गर यांनी काही अपराध केला होता का, हा प्रश्न येथे गैरलागू ठरतो. कारण गुन्हा शोधणे हे त्या फाईलचे काम नव्हतेच, ज्या विश्वासावर माणूस उभा असतो तो विश्वासच तिने पोखरला होता.

वेदान्तात ‘साक्षी’ ही संज्ञा अशा चैतन्यासाठी वापरली जाते, जे सर्व वृत्तींना प्रकाशित करते, परंतु त्यांत गुंतत नाही आणि त्यांपासून काही मिळवतही नाही. बृहदारण्यकोपनिषदातील अंतर्यामीही बाहेरून डोकावणारा नव्हे. तो आत राहून नियमन करणारा, माणसाचा स्वतःचाच आत्मा आहे. येथे चित्रगुप्ताच्या वहीचा आक्षेप घेता येईल, कारण तो तर प्रत्येक कृत्याची नोंद ठेवतो. परंतु ती वही मरणानंतर उघडते. माणूस जिवंत असताना ती त्याच्या वरिष्ठाला, शेजाऱ्याला किंवा जोडीदाराला दाखवली जात नाही. खबऱ्याची नोंद मात्र जिवंत माणसाविरुद्ध वापरण्यासाठीच असते, आणि ती ठेवणारा स्वतः त्याच माणसासारखा स्खलनशील, स्वार्थ आणि भय असलेला असतो. म्हणून ईश्वराच्या सर्वज्ञतेचा दाखला देऊन शासनाला सर्वज्ञता बहाल करणे हा केवळ तर्कदोष नाही. श्रद्धावंताच्या दृष्टीने तो ईश्वराचे आसन मर्त्य माणसाला देण्याचा प्रमाद आहे.

पश्चिम जर्मनीत या प्रश्नाचे उत्तर मानवी प्रतिष्ठेच्या संकल्पनेतून शोधले गेले. माणसाला कधीही केवळ साधन मानू नये, या कांटच्या विचाराशी नाते सांगणारी ही प्रतिष्ठा १९४९ च्या मूलभूत कायद्याच्या पहिल्याच अनुच्छेदात अनुल्लंघनीय ठरवली आहे. नियोजित जनगणनेविरुद्धच्या खटल्यात, १५ डिसेंबर १९८३ रोजी, कार्ल्सरूहे येथील संघीय घटना न्यायालयाने या प्रतिष्ठेतून ‘माहितीविषयक आत्मनिर्णया’चा अधिकार, म्हणजे आपल्याविषयीची माहिती कोणी व कशासाठी वापरावी हे मूलतः स्वतः ठरवण्याचा अधिकार, निष्पन्न केला. आपल्या वर्तनाची नोंद होत आहे की नाही हे ज्याला ठाऊक नसते, तो सभेला जाण्यासारखे हक्कही वापरेनासा होतो, आणि त्यामुळे त्याच्याबरोबर लोकशाहीचेही नुकसान होते, असे त्या निकालाचे मर्म होते.

३ मार्च २००४ च्या निकालात हेच न्यायालय अधिक खोल गेले. घरांत ध्वनिग्राहक यंत्रे बसवण्याची मुभा त्याने सरसकट नाकारली नाही. परंतु खासगी जीवनाचा एक गाभा असा आहे, की गंभीर गुन्ह्याच्या तपासासाठीही त्यात शिरता येणार नाही, आणि संभाषण त्या गाभ्याकडे वळताच ऐकणे थांबवून झालेली नोंद पुसली पाहिजे, असे ठरवले. धर्मगुरूपुढे दिलेली पापांची कबुलीही न्यायालयाने या संरक्षणात घेतली. पुढच्याच वर्षी तेथील सर्वोच्च फौजदारी न्यायपीठाने, रुग्णालयाच्या खोलीत संशयिताने एकटा असताना स्वतःशी उच्चारलेले शब्द खुनाच्या खटल्यातही पुरावा म्हणून वापरता येणार नाहीत, असा निर्णय दिला.

स्वगताला मिळालेले हे संरक्षण पाळतीच्या प्रश्नाचा तात्त्विक गाभा उघड करते. सदसद्विवेकबुद्धी तयार निर्णय घेऊन जन्माला येत नाही. ती चाचपडते, चुकीचे बोलते, ते मागे घेते आणि मग एखाद्या निश्चयाशी पोहोचते. परका कोणी ऐकत असताना ही प्रक्रिया घडू लागली, तर माणूस चांगले काय याचा विचार सोडून सोयीचे काय दिसेल याचा विचार करू लागतो, आणि बाहेरून शिस्तबद्ध भासणारे त्याचे वर्तन नैतिक उरत नाही. पश्चात्तापालाही असाच आडोसा लागतो, कारण जो शब्द आपल्याविरुद्ध जपून ठेवला जाणार आहे, तो मोकळेपणाने उच्चारता येत नाही.

समाजाच्या सुरक्षिततेची जबाबदारी राज्यावर आहे, हे यामुळे नाकारले जात नाही. विशिष्ट व्यक्तीविषयी सबळ संशय असताना, न्यायालयाच्या अनुमतीने आणि मर्यादित काळासाठी ठेवलेली पाळत समर्थनीय ठरू शकते. सर्वांची माहिती आधी साठवून नंतर तिच्यात संशयित शोधणे हा मात्र त्या क्रमाचा विपर्यास आहे. २ मार्च २०१० रोजी, जवळजवळ ३५,००० तक्रारदारांच्या प्रकरणात, दूरसंचार संपर्कांच्या नोंदी सहा महिने साठवण्याची तरतूद याच न्यायालयाने तिच्या तत्कालीन स्वरूपात रद्द केली. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय पीठानेही २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात, खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. या हक्काचा आग्रह धरणारा नागरिक काही लपवू पाहतो असे मानणे हा त्याच्यावरचा अन्याय आहे. आपल्या अंतर्यामीशी बोलताना मध्ये तिसरा कोणी बसलेला नसावा, एवढीच त्याची मागणी असते.