कौल आणि नाणे

नागरवाड्यातील आमच्या बिऱ्हाडी परवा पुतण्याने एक ध्वनिमुद्रण लावले. अमेरिकन संगीतकार जॉन केज यांनी १९५०-५१ साली पियानो व लहान वाद्यवृंद यांसाठी केलेली ती रचना. पियानोही नेहमीचा नव्हे. तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबराचे तुकडे खोचलेले. त्यामुळे स्वर कोठे घंटेसारखा, तर कोठे लाकडावर टिचकी मारावी तसा. मध्येच सारे थांबे, ते इतके की यंत्र बिघडल्याचा संशय यावा. रचना आवडली असे आम्हांस म्हणवत नाही. परंतु तिची हकीकत मनात घोळत राहिली.

पहिल्या भागात पियानो मोकळा आणि वाद्यवृंद कोष्टकाने बांधलेला. दुसऱ्यात दोघेही कोष्टकाच्या अधीन. अखेरच्या भागात केज यांनी चीनच्या प्राचीन ई-चिंग ग्रंथाच्या रीतीने नाणी उडवून ध्वनी व स्तब्धता ठरविल्या. स्वतःच्या आवडीनिवडीस रजा दिली. या वृत्तीचा एक धागा आपल्याच प्रांतात येतो. अहमदाबादच्या गीता साराभाई १९४६ साली न्यूयॉर्कला होत्या. केज यांच्याकडून त्या पाश्चात्त्य संगीत शिकल्या, आणि चित्त शांत करून ते दैवी प्रभावास पात्र करणे हे संगीताचे प्रयोजन, हा गुरुमुखातून मिळालेला विचार त्यांनी केजना दिला. निघताना रामकृष्ण परमहंसांच्या संभाषणांचा ग्रंथही दिला.

आता नाणे उडविणे हा अहंकाराचा त्याग म्हणावा की जबाबदारीचा? फळाची आसक्ती सोडावी हे आपण ऐकत आलो आहोत. पण निवडच नाण्यावर सोपविली तर कर्ता उरला कोठे? आमचा पहिला कल केज यांच्या विरुद्धच होता.

मग आम्हांस आमचा कौल आठवला. कोकणातील वडिलोपार्जित घर विकावे की नाही, म्हणून आम्ही देवापुढे पाकळ्या लावविल्या होत्या. डावी पडली. पाकळी नीट चिकटली नव्हती, असे आम्हीच गुरवास म्हटले. दुसऱ्यांदाही डावी. तिसऱ्या खेपेस उजवी पडली, तेव्हा श्रीफळ ठेवून आम्ही समाधानाने निघालो. घर विकले.

केज यांनी कोष्टके स्वतः, मेहनतीने तयार केली. नाण्याने त्यांतून जे उचलले ते मात्र मुकाट्याने लिहिले. म्हणजे जबाबदारी टळली नव्हती, ती आधीच पार पडली होती. अर्थात भाविक कोणाला तरी विचारतो आणि नाणे कोणाचेच नसते. हा भेद लहान नव्हे, आणि तो आम्ही सोडणार नाही. पण देवाला विचारून त्याचे उत्तर दोनदा परतविणारे आम्ही, निरुत्तर नाण्याचे ऐकणाऱ्या त्या गृहस्थास नास्तिक कोणत्या तोंडाने म्हणावे?

ध्वनिमुद्रण संपले तेव्हा शेवटची स्तब्धता कोठे संपली आणि रस्त्यावरचा गलबला कोठे सुरू झाला, ते कळले नाही.

“काका, पुन्हा लावू?” पुतण्याने विचारले. आम्ही नको म्हटले.