परतवारी आणि पुंडलिकाची वीट



महिनाभर इथे काही लिहिलं नाही. मी वारीत होतो. परत आल्यावर चार दिवस लिहायला बसत होतो आणि उठत होतो, कारण या वेळचं चिंतन थोडं स्वतःच्या विरोधात आहे. विषय पुंडलिकाचा आहे. कथा आपल्या सगळ्यांची ऐकलेली, तरी आज पुन्हा वाचू.

आधी परतवारीबद्दल, कारण बऱ्याच जणांना ती माहीतच नसते. या वर्षी, २०२५ मध्ये, तुकोबारायांची पालखी १८ जूनला देहूतून निघाली. ६ जुलैला आषाढी एकादशी झाली. टीव्हीवरची वारी तिथे संपते. पण पादुका पौर्णिमेपर्यंत पंढरपुरात असतात, गोपाळपूरचा काला होतो आणि मग पालखी माघारी निघते. जायला जे अंतर अठरा दिवसांत कापलं, तेच येताना दहा-अकरा दिवसांत कापायचं. आषाढ वद्य एकादशीला पालखी देहूत. म्हणजे टप्पे मोठे आणि माणसं थोडी. जाताना निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात पाय ठेवायला जागा नसते, राजगिऱ्याचे लाडू वाटणारे, फोटो काढणारे, सगळे असतात. येताना तेच शहर आपापल्या शिफ्टला चाललेलं असतं आणि मागून हॉर्न वाजतो.

आमचे ऑफिसमधले मित्र कॅम्पर व्हॅन घेऊन लडाखला जातात, चाकांवरच्या घराचे रील टाकतात. आमचं चाकांवरचं घर म्हणजे दिंडीचा ट्रक. त्यात हंडे, पातेली, गॅसच्या शेगड्या, राहुट्या आणि नंबर टाकलेल्या वळकट्या. रोज संध्याकाळी नवीन गावात ते घर उभं राहतं, पहाटे मोडतं. त्याची सवय लागते. खरं सांगायचं तर मला ती फारच लागली होती.

दरवर्षी मी एकादशी झाली की एसटी पकडून घरी यायचो. या वर्षी चाकणची जुनी नोकरी सोडली होती आणि नवी सुरू व्हायला दीड महिना होता. म्हणून परतवारीही चाललो. सगळ्यांना सांगितलं, "बाबांच्या वाट्याची वारी चालतोय." बाबांनी अनेक वर्षं वारी केली. गेल्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अस्पष्ट झालं. तेव्हापासून ते चिखलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये कॉटवर आहेत.

ऐकायला किती छान वाटतं ना, बाबांच्या वाट्याची वारी! लोक माझ्या पाया पडत होते. पण त्या महिन्याभरात बाबांना अंघोळ घालणं, कूस बदलणं, डायपर, फिजिओथेरपीचे व्यायाम हे सगळं आई आणि बायकोवर होतं. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. बायकोची नोकरी चालूच होती. फोनवर ती म्हणायची, "चाललंय ठीक." मी ते ठीक धरून चालत होतो.

परतीचा शेवटचा मुक्काम पिंपरीगावात. तिथून माझं घर रिक्षाने अर्ध्या तासावर. जेवणं झाली आणि आमच्या दिंडीतल्या एक आजी शेजारी येऊन बसल्या. खेड तालुक्यातल्या, वय सत्तरीच्या पुढे. दरवर्षी परतवारी करतात. का करता विचारलं तर म्हणायच्या, "देवाला सोडायला समदी येत्यात. माघारी आणायला नको का कुणी?"

त्या रात्री त्यांनी विचारलं, "घर कुठंय रं तुझं?"

"चिखलीला, आजी. इथून जवळच."

"मग जाऊन ये की. बाप आजारी म्हणतोस."

"उद्या पालखी देहूला पोचली की जातोच ना."

आजी थोडा वेळ पाय चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "रथाला बैलं हायेत. तुझ्या बापाला उठवून बसवायला कोण हाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर होतं, पण ते मला इतके दिवस ऐकायचं नव्हतं. मी वारीला गेलो नव्हतो, मी घरातून निघून गेलो होतो. वाट पंढरीची होती, एवढंच.

आता पुंडलिक. कीर्तनात आपण ऐकतो की तो आधी आई-वडिलांना जुमानत नव्हता. काशीयात्रेला निघाला, वाट चुकून कुक्कुट ऋषींच्या आश्रमात आला. काशीचा रस्ता विचारला तर ऋषी म्हणाले, मी कधी काशीला गेलोच नाही. पुंडलिकाला वाटलं, हा कसला साधू! पण रात्री त्याने पाहिलं, मळकट अंगाच्या तीन स्त्रिया आल्या, आश्रम झाडला, सडा घातला आणि उजळून निघाल्या. त्या गंगा, यमुना आणि सरस्वती होत्या. ज्या गंगेसाठी हा निघाला होता, ती आई-बापाची सेवा करणाऱ्याच्या दारात स्वतः शुद्ध व्हायला येत होती. पुंडलिक तिथूनच मागे फिरला.

इथे थांबून बघा. पुंडलिकाची यात्रा ठरलेल्या ठिकाणी पोचलीच नाही. ती घराकडे वळली. पुढे देव दारात आला तेव्हाही तो आई-वडिलांची सेवा सोडून उठला नाही. हाताशी होती ती वीट मागे टाकली आणि देवाला थांब म्हणाला. म्हणजे ज्याला भेटायला लाखो लोक चालतात, तो देव त्या विटेवर उभा आहे, कारण एक मुलगा घरी होता. म्हणून तर आपल्या जयघोषात विठ्ठलाच्याही आधी पुंडलिकाचं नाव येतं, आणि आधी चंद्रभागेच्या पात्रातल्या पुंडलिकाचं दर्शन घेण्याची रीत आहे. मी दरवर्षी घेतो. या वर्षीही घेतलं होतं. नमस्कार केला आणि पुढच्या रांगेत लागलो.

त्या रात्री मी वळकटी उचलली, आजींच्या पाया पडलो आणि रिक्षा केली. माझी परतवारी देहूला पोचली नाही.

दार बायकोने उघडलं. "उद्या येणार होतास ना?" एवढंच म्हणाली. आई तांब्या घेऊन पाय धुवायला आली, तिला मी थांबवलं. आत बाबा जागे होते. मी कॉटजवळ गेलो तर ते डावा हात पुढे करून खाली वाकायला बघत होते. आधी कळेना. मग कळलं, ते माझ्या पायांना हात लावायला बघत होते. वारकरी वारकऱ्याच्या पाया पडतो, तिथे वय बघत नाहीत. बाबांच्या हिशोबात मी पंढरीहून आलो होतो.

मी तो हात धरला. पुढे काही बोलता आलं नाही. पहाटे पाणी तापवलं आणि त्यांचं अंग पुसून काढलं. नीट जमत नव्हतं, बायकोने दाखवलं. तिचा राग अजून गेलेला नाही, आणि तो लगेच जावा अशी माझी अपेक्षाही नाही.

माउली, मी तुम्हाला वारीला, ट्रेकला, केदारनाथला जाऊ नका असं म्हणत नाहीये. पुंडलिक निघाला नसता तर त्याला आश्रमही भेटला नसता. जरूर जा. 'वारी' या शब्दातच येरझार आहे, जाणं आणि येणं दोन्ही. आपण जाण्याची तयारी महिनाभर करतो आणि येणं मात्र तिकिटावर सोडतो.

आजची साधना एवढीच: आपण कुठेही निघालो की घरात कुणाच्या वाट्याला काय काम वाढतं, ते कागदावर लिहा. त्यातलं एक आज स्वतः करा. देव आलाच मध्ये, तर वीट आहे.

राम कृष्ण हरी.