मळविण्याचा अधिकार

एखादी वस्तू स्वच्छ करण्याची युक्ती हाती आली, म्हणून ती मळविण्याचा अधिकार मनुष्यास प्राप्त होतो काय? प्रश्न पोरकट वाटेल. परंतु आजच्या कारखानदारीत त्याचे उत्तर पुष्कळदा ‘होय’ असेच गृहीत धरलेले आम्हांस दिसते.

हैदराबादजवळील पटणचेरूचे उदाहरण घ्या. सुमारे ९० औषध-कारखान्यांचे सांडपाणी जेथे एकत्र शुद्ध केले जाई, त्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे पृथक्करण स्वीडिश संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केले. त्या ‘शुद्ध’ पाण्याच्या एका लिटरात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. औषध घेतलेल्या रोग्याच्या रक्तातही ते इतके नसते. हे पाणी ओढ्यांवाटे मांजरेस, व मांजरेतून गोदावरीस मिळे. अशा पाण्यात दुबळे जंतू मरतात, औषधास दाद न देणारे तेवढे माजतात आणि आपला हा गुण इतर जातींच्या जंतूंसही देऊ शकतात.

आता विज्ञान साह्यास आले आहे. मीटरच्या अब्जांशात मोजावयाच्या नॅनो-कणांचा पृष्ठभाग त्यांच्या वजनाच्या मानाने अफाट असतो. ग्रॅफिन ऑक्साइडसारखी द्रव्ये प्रतिजैविकास अंगाशी चिकटवून घेतात. टायटॅनियम डायऑक्साइडचे कण अतिनील प्रकाशात त्याचे रेणू फोडतात. या प्रयत्नांचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. तथापि चिकटलेले औषध नाहीसे होत नाही, केवळ जागा बदलते. फुटलेल्या रेणूचे अवशेष निरुपद्रवी आहेत की नाहीत, हे तपासावेच लागते. आणि निसटलेला कण स्वतःच नवा मळ ठरू शकतो. शिवाय ओढ्यात एकदा निपजलेला जंतू कोणतीही चाळणी माघारी आणू शकत नाही.

यावर कोणी म्हणेल, शुद्धीचा खर्च वाढला तर गरिबाचे औषध महागेल. आक्षेप क्षुल्लक नाही. स्वस्त गोळी आपणा सर्वांसच हवी असते. परंतु तो खर्च आज टळलेला नाही. तो केवळ दुसऱ्याच्या नावे मांडला आहे. ओढ्याकाठचा शेतकरी आणि ज्याच्यावर उद्या औषध चालणार नाही असा रोगी, हे दोघे तो भरतात. त्यांची संमती कोणीच घेतली नाही. केंद्र सरकारच्या २०२० च्या मसुद्यात अशा अवशेषांस मर्यादा घातल्या होत्या. २०२१ च्या अंतिम नियमांतून त्या गळाल्या. म्हणजे हिशेब पुन्हा त्या दोघांच्याच माथी राहिला.

औषधाचा गुण ही कोणा कारखानदाराची मालमत्ता नव्हे. तो मागल्या पिढीकडून आपणांस मिळालेला व पुढल्या पिढीस द्यावयाचा सामाईक ठेवा आहे. म्हणून आमचे मत असे की, ही नवी द्रव्ये नदीकाठी प्रायश्चित्त म्हणून नव्हे, तर कारखान्याच्या दाराआत कर्तव्य म्हणून वापरली जावीत, आणि त्यांचा खर्च औषधाच्या किमतीत उघडपणे मांडला जावा. ती किंमत गरिबास झेपत नसेल, तर ती समाजाने व सरकारने उचलावी, नदीने नव्हे.